उजवं चाक राहिलं होतं

ताई, गाडी विकलेली नाही. हे आधी सांगते, म्हणजे बाकीचं तू नीट ऐकून घेशील.

तुला जाऊन एकवीस दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण मला सांगतो, की आता हे स्वीकारायला हवं. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी सांगितलं, तुझ्या कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींनी सांगितलं, एका बाईंनी तर माझा हात हातात घेऊन तीन वेळा सांगितलं. मी मान डोलावते. ती माणसं गेली की कप विसळते आणि मनात म्हणते, नाही स्वीकारत. काय करायचं ते करा.

आमच्या मालकांनी तेवढं काही सांगितलं नाही. नारायण पेठेत त्यांच्या छापखान्यात मी इतकी वर्षं प्रुफं तपासते, पण त्यांचा फोन मला पहिल्यांदाच आला. म्हणाले, "सावकाश या. तुम्ही नसल्यामुळे पत्रिका चुकीच्या छापल्या जातायत, पण लोक तरीही लग्नं करतायत." त्या आठवड्यातलं हे एकच वाक्य ऐकून मला बरं वाटलं.

तुझ्या तेराव्याचं कार्डही तिथेच छापलं. मजकूर दादाने हिंगणघाटहून मोबाइलवर पाठवला होता. आपला थोरला भाऊ, सगळी हयात कापसाच्या जिनिंगच्या यंत्रांवर फिटर म्हणून घालवलेला, अक्षर अक्षर जुळवून त्याने लिहिलं होतं: प्रेमळ, सोशिक व सात्त्विक. मी प्रूफ हातात घेतलं आणि आधी 'सोशिक' शब्दावर काट मारली. तू सोशिक कधी होतीस? थोडा वेळ बसले आणि 'सात्त्विक'वरही मारली. सुकटीच्या चटणीशिवाय जिला भाकरी जात नव्हती, तिला हा शब्द लावायचा नाही. प्रेमळ ठेवला.

दादाने फोन केला. "कार्डावर असंच लिवतात वं, नलू."

"लिहीत असतील. पण इथे चुकीचं आहे."

"आता गेलेल्या मानसाचं काय बरोबर आन् काय चूक?"

मी फोन ठेवला. बरोबर आणि चूक हाच माझा धंदा आहे, आणि माणूस गेलं म्हणून मी तो बंद करणार नाही.

तुझं चांगलं म्हणून जे सगळे सांगतायत, ते मला इथे सांगायचं नाही. मला सांगायचं आहे ते तुझ्याशी झालेल्या भांडणाचं, आणि एका गोष्टीचं जी मी तुला कधी सांगितली नाही. ती आधी सांगून टाकते.

ज्या कारखान्यासाठी तू पुण्याला आलीस, मागोमाग मला शिकायला घेऊन आलीस, तो बंद पडला. बरोबरीच्या बायकांपैकी कुणी शिवणकाम धरलं, कुणी पोळ्या लाटायला लागली. तू जुना पिकअप घेतलास. सासवडकडच्या मळ्यांतून भाजी उचलायची, बोपदेव घाट उतरायचा आणि मंडईत पोचवायची. दादा तेव्हा फोनवर ओरडला होता, "बाईमानसानं भाजीची गाडी हाकायची? लोक काय म्हनतीन?" तू म्हणालीस, "लोक म्हनतीन भाजी ताजी हाये." त्यानंतर तो पुण्याला चार-पाच वेळा आला असेल, पण तुझ्या गाडीत एकदाही बसला नाही. स्टेशनवरून रिक्षाने यायचा, रिक्षाने जायचा.

दादाचं मी उघड सांगते. माझं मात्र लपवून ठेवलं. मंडईचं काम आटोपलं की तू कधी कधी दुपारी मला न्यायला यायचीस. छापखान्याच्या बोळात पिकअप घालायचीस, मागे रिकाम्या क्रेटचा खडखडाट, तुझ्या केसांत कोथिंबिरीची काडी. दुसऱ्या का तिसऱ्या वेळी मी तुला म्हटलं, "ताई, इथे पार्किंगचा त्रास होतो. तू कोपऱ्यावर थांबत जा." तू लगेच हो म्हणालीस. त्यानंतर कायम कोपऱ्यावर थांबलीस, औषधाच्या दुकानापुढे. पार्किंगचा काही त्रास नव्हता, ताई. मला लाज वाटायची. माझ्यासोबतच्या मुलींचे नवरे मोटारसायकलवर यायचे आणि माझी बहीण भाजीच्या गाडीतून. तुला हे तेव्हाच कळलं होतं, हे मला माहीत आहे. तू काही बोलली नाहीस म्हणून मीही बोलले नाही. आता बोलते. त्या कोपऱ्यावरून रोज जाते, आणि रोज मला माझाच राग येतो.

आता भांडणाचं.

पहिल्या वेळच्या औषधांनी तुझे केस गेले, दुसऱ्या वेळी तोंडाची चव गेली. तू दोन्ही वेळा गाडी चालवणं सोडलं नाहीस. नंतर डॉक्टर म्हणाले, तिसरं एक औषध आहे, लागू पडेल किंवा नाही पडणार, पण देऊन पाहू. मी चिठ्ठी घेऊन खालच्या औषधाच्या खिडकीपाशी रांगेत उभी राहिले. तेवढ्यात वर तू त्यांना सांगून टाकलंस, की आता बस. मला हे तू स्वारगेटच्या सिग्नलला सांगितलंस, डिझेल भरायचं राहिलं असं सांगावं तशा आवाजात.

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तं तू काय म्हनली असती?"

"नाही म्हटलं असतं."

"म्हनून तं नाही विचारलं."

सिग्नल सुटला. मागच्याने हॉर्न वाजवला. तू गिअर टाकलास आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. दहा दिवस. एका खोलीत जेवलो, झोपलो, पण मीठ दे आणि दार लाव याच्यापलीकडे शब्द नाही. लोक म्हणतील, मरणाऱ्या माणसाशी दहा दिवस अबोला धरला. धरला. तू मला न विचारता मरायचं ठरवलं होतंस.

दहाव्या दिवशी, रविवारी सकाळी, तू स्कार्फ बांधलास आणि दारातून म्हणालीस, "नले, चाल. गाडीत बस. एक आवाज ऐकाचा हाये."

मी मुकाट्याने बसले. कात्रजच्या बोगद्याकडच्या रस्त्याला लागल्यावर तू वेग वाढवलास. खालून घूंऽऽ असा आवाज येत होता, लांबून गिरणी चालू असल्यासारखा. तू गाडी किंचित उजवीकडे ओढलीस, आवाज मोठा झाला. डावीकडे घेतलीस, बारीक झाला.

"सांग, कोनतं चाक?"

"मला काय माहीत."

"उजवीकडे वळली म्हनजे वजन कोनत्या चाकावर येते?"

मी विचार केला. "डाव्या."

"मग?"

"डावं."

"बेअरिंग गेलं त्याचं," तू म्हणालीस. आपला अबोला असा सुटला.

मी म्हटलं, मिस्त्रीकडे टाकू. कात्रजचा तो मिस्त्री तुला मानायचा. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा त्याने तुला सांगितलं होतं, "ताई, मालकांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." तू त्याच्या स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "मालकीन बसली हाये. समजावा." दोन वर्षं त्या स्टुलावर बसून तू सगळं बघून घेतलंस, मग घरीच करायला लागलीस. म्हणून मला वाटलं, आता तुझ्याच्याने होत नाही तर त्याच्याकडे जाऊ.

"मिस्त्री नाही," तू म्हणालीस. "तू करशीन. मले हातोडी उचलत नाही आता."

दुकानातून तू दोन्ही चाकांची बेअरिंगं आणि सीलं आणायला लावलीस. मी वाद घातला, की वाजतं ते बदल, न वाजणारं कशाला? तू म्हणालीस, दोन्ही एकाच दिवशी बसवलेली हायेत, एक गेलं म्हणजे दुसरं निघालंच. मी म्हटलं, असं काही नसतं. तो वाद तिथेच राहिला.

आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तू प्लास्टिकच्या खुर्चीत बसलीस, ऊन असूनही शाल घेऊन, आणि मी फरशीवर. मागच्या चाकांना दगड लावले, जॅक लावला, चेसिसखाली लाकडी ठोकळा सरकवला. चाक काढलं. ब्रेकचा कॅलिपर खोलला तर तो मी तसाच सोडायला निघाले. "त्याच्या नळीले लटकवू नको, तारेनं बांध," तू म्हणालीस. बांधला. मधली टोपी काढली, नटात अडकवलेली पिन सरळ करून ओढली, नट फिरवला, बाहेरचं बेअरिंग तळहातावर आलं. मग चाक ज्यावर बसतं तो अख्खा हब ओढला आणि त्याच्या वजनाने मी मागे बसकण मारली. तू हसलीस. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी फेरीला आले. पसरलेली हत्यारं पाहून म्हणाले, "गॅरेज उघडलंत वाटतं?"

"हो," तू म्हणालीस. "तुमची आना. पाहून देऊ."

ते जिन्याकडे वळले.

बेअरिंगची जी पोलादी वाटी हबच्या आत घट्ट बसलेली असते, ती पितळी दांड्याने ठोकून काढायची आणि नवी ठोकून बसवायची, हे खरं काम. जुनी निघाली. तिच्या आतल्या अंगाला खड्डे पडले होते, नखाला लागत होते. नवी बसवताना मी घाई केली. एका बाजूला जास्त ठोकलं, वाटी तिरकी होऊन अडकली. मी अजून जोरात ठोकलं.

"थांब," तू म्हणालीस. "काढ. पुन्हा घाल."

"बसेल."

"तिरपी बसवशीन तं पंधरा दिवसांत बोंबलन. काढ."

काढली. दोनदा काढली. तिसऱ्यांदा तू म्हणालीस, "चारी अंगानं थोडं थोडं. हातोडीकडं पाहू नको, आवाज ऐक." मी ठोकत गेले. आधी पोकळ आवाज येत होता, आणि मग एका ठोक्याला तो एकदम भरीव झाला. मी तुझ्याकडे पाहिलं. तू डोळे मिटून ऐकत होतीस. "बसली," तू म्हणालीस.

मग तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन नव्या बेअरिंगमध्ये दाबून भरायला तू शिकवलंस. ते काम सावकाशीचं, हात गुंतलेले, मान खाली. मला वाटतं तू मुद्दाम तेव्हाच विषय काढलास.

"दोन डाव औषध मी तुझ्यासाठी केलं, नले. तुले पाहवत नव्हतं म्हनून. आता नाही करत."

"तू घाबरलीस."

"हो," तू म्हणालीस. "मराले नाही. त्या खाटेवर पडून राह्याले."

मला त्या वेळी म्हणायचं होतं, की मग मी काय करू. मी एकोणीस वर्षांची असताना तू मला ट्रंकेसकट इथे आणलंस, तेव्हापासून मी एकही मोठी गोष्ट तुझ्याशिवाय ठरवलेली नाही, मला येत नाही. म्हणायचं होतं, माझ्यासाठी तिसऱ्यांदाही कर. त्याऐवजी मी विचारलं, "नट किती आवळू?"

तू हबकडे बोट केलंस. मग सांगितलंस. हब फिरवत फिरवत आधी घट्ट आवळायचा, म्हणजे सगळं जागच्या जागी बसतं. मग सोडायचा. मग नुसत्या बोटांनी लागेल तेवढाच लावायचा आणि पिन घालायची. जास्त आवळला तर चालताना तापून जळेल. अगदी कणभर खेळ राहिला पाहिजे.

डावं चाक झालं, तोवर तुझा चेहरा पांढरा पडला होता. उजवं पुढच्या रविवारी, असं ठरलं. पुढच्या रविवारी तुला उठता आलं नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. गाडी तू मला शिकवली होतीस; सरावाला मी ती घाटात न्यायचे तेव्हा उजवं चाक शांत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मी तुला एकदा येऊन सांगितलंसुद्धा, की बघ, मीच बरोबर होते. तू म्हणालीस, "पाहजो, वाजन."

तू गेलीस ती सकाळी, आंघोळीचं पाणी तापत असताना. तुझ्या पायांना मी तेल लावत होते. तू म्हणालीस, जरा हळू. मग काहीच म्हणाली नाहीस. तुझी शेवटची वाक्यं लोक विचारतात. जरा हळू, एवढंच आहे. मी त्याचा काही अर्थ काढणार नाही. मी जोरात चोळत होते.

तेराव्याला दादा गिऱ्हाईक घेऊनच आला. जेवणं होऊन गेल्यावर हडपसरचा एक माणूस गाडी बघायला उभा. मला कुणी विचारलं नव्हतं. या घरात मला न विचारता गोष्टी ठरवायची पद्धतच आहे, असं त्या क्षणी मनात आलं आणि तुझाही राग आला. त्या माणसाने गाडी फिरवून आणली. उतरून म्हणाला, "उजवं बेअरिंग वाजतंय. आतून अजून काय काय निघेल सांगता येत नाही." दादा म्हणाला, "जे असन ते असन. घेऊन टाका."

ताई, तू बरोबर होतीस. दुसरंही निघालं. गेला महिनाभर मी घाटात रिकामी गाडी नेत होते आणि तो आवाज मी ऐकला नव्हता, कारण ऐकायचा नव्हता.

"विकायची नाही," मी म्हटलं.

तो माणूस दादाकडे पाहायला लागला. दादा म्हणाला, "नलू, कोन चालवन ते?"

"मी. सकाळी मंडई, अकराला छापखाना."

"आन् बिघडली तं? बेअरिंग गेलं म्हनते तो."

"उद्या बदलते."

दादा हसला. वाईट हसला नाही, पण हसला. माझ्या नावावर गाडी करायला वारस भाऊ म्हणून त्याची सही लागणार आहे, असं आरटीओच्या एजंटाने सांगितलं होतं. तो अर्ज माझ्या पर्समध्ये होता. मी तो काढला नाही. आधी चाक, मग सही, असं मनाशी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी पार्किंगमध्ये उतरले. दादाची रेल्वे दुपारची होती. तो चहाचा कप घेऊन जिन्याच्या पायरीवर येऊन बसला. आयुष्यभर बेअरिंगं बदललेला माणूस, पण मी त्याला काही विचारलं नाही आणि त्यानेही काही सांगितलं नाही. मी दगड लावले, ठोकळा सरकवला. कॅलिपर तारेने बांधला, तेव्हा त्याने कप खाली ठेवला. हब निघाला. या वेळी मी पाय रोवून उभी होते.

वाटी ठोकायला घेतली. राग होता, भूक होती, रात्रभर झोप नव्हती. चारी अंगांनी थोडं थोडं. पोकळ, पोकळ, पोकळ. मध्येच एकदा ती तिरकी व्हायला लागली, मी थांबले, दुसऱ्या बाजूला हलका ठोका दिला, सरळ झाली. मग ती बसली. तो आवाज आला, ताई. मी मान वर केली तर दादाचेही डोळे मिटलेले होते. फिटर लोक सगळे असंच ऐकतात की काय, मला माहीत नाही. पण तेव्हा मला रडू आलं, आणि मी डिझेलच्या फडक्यानेच तोंड पुसलं, नंतर दिवसभर डोळे चुरचुरत होते.

नट लावून पिन घातली, चाक चढवलं. दादा उठून आला. त्याने चाक वर आणि खाली धरून हलवलं.

"ढिलं हाये. आवळ अजून."

"नाही. बरोबर आहे."

"मी चाळीस वर्षं हेच केलं वं."

"जिनिंगमध्ये. गाडीचं वेगळं. आवळलं तर तापून जळेल. एवढा खेळ लागतो."

"कोन सांगते?"

"ताई."

त्याने चाक सोडलं. हात झटकले. "बरं," म्हणाला.

अकरा वाजता मी त्याची बॅग पिकअपच्या पुढच्या सीटवर ठेवली. तो रिक्षा शोधायला गेटकडे निघाला होता. मी गाडी सुरू करून दार उघडलं. तो थोडा वेळ रस्त्यावर उभा राहिला. मग आला आणि बसला.

कात्रजहून स्टेशनपर्यंत तो खिडकीची काच खाली करून कान बाहेर लावून बसला होता. आवाज नव्हता. डावीकडे वळताना नव्हता, उजवीकडेही नव्हता. स्वारगेट गेल्यावर त्याने विचारलं, "ते अशीच चालवत होती?"

"याच्यापेक्षा जोरात."

"मी कधी बसलो नाही तिच्या गाडीत."

"हो. तिला माहीत होतं."

"काही बोलत होती त्याच्याबद्दल?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलले. तू दर दिवाळीला बोलायचीस. फराळाचा डबा पाठवताना म्हणायचीस, लाडू चालतात, गाडी चालत नाही. पण तो म्हातारा झालाय, ताई, आणि मला त्याला पुरतं सोडायचंही नव्हतं आणि पुरतं मारायचंही नव्हतं.

स्टेशनवर उतरल्यावर त्याने बॅग खाली ठेवली, वाकला, आणि उजव्या चाकाच्या मधोमध तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मागे रिक्षावाले आरडाओरडा करत होते. तो उठला आणि म्हणाला, "थंड हाये."

मी पर्समधून अर्ज काढला. त्याने बोनेटवर ठेवून सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, शाळेत शिकवलं तसं. मग म्हणाला, "कार्डावरचा तो शब्द तू काढला ते बरं केलं. सोशिक नव्हती ते."

मी त्याला माफ केलेलं नाही. तुलाही नाही, तिसऱ्या औषधाबद्दल. बेअरिंगच्या वादात तू जिंकलीस, ते मी मोकळ्या मनाने मान्य करते. पण तो दुसरा वाद तू एकटीने संपवून निघून गेलीस, आणि मी तो संपवलेला नाही. मी अजून म्हणते, एकदा करून पाहायला हवं होतं. तू चुकली असशील. मीही चुकले असेन. तपासायला तू नाहीस, एवढाच माझा तोटा नाही, पण तो फार मोठा आहे. तरी तू शिकवलंस, आणि मला शिकता आलं, हे तुझ्या तोंडावर म्हणायचं राहिलं. आभार, ताई. हा शब्द आपल्याकडे वापरत नाहीत, मी वापरते.

परवा पहिली खेप केली. सासवडहून मेथी, कोथिंबीर, वांगी. भरलेली गाडी बोपदेव उतरताना माझे खांदे दुखून आले. एका वळणावर मी इतकी हळू झाले की मागचा टेम्पोवाला खिडकीतून काही तरी बोलून गेला, बहुतेक बायकांबद्दल. मंडईत पोचायला उशीर झाला. हिरामावशी गाळ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. इतकी वर्षं तुझी भाजी घेणारी बाई. मला पाहून त्यांचे डोळे भरले, पण भरल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या, "कुंदा कधी उशिरा यायची नाही. घड्याळ लावावं तिच्यावर."

आजूबाजूचे दोन-तीन गाळेवाले माना हलवायला लागले. खरंय, खरंय. कशी बाई होती.

मी इंजिन बंद केलं. "मावशी, आठवड्यातून दोनदा उशीर व्हायचा तिला. तुम्ही शिव्या द्यायचात. मी शेजारी बसून ऐकल्यात."

मावशींचे हात कमरेवरून खाली आले.

"गेली म्हणून लगेच वेळेवर यायला लागली का ती?" मी म्हटलं, आणि खाली उतरून पहिला क्रेट उचलला.